त्या पेटीत व्हेनिस मावत नाही

‘कॅमेऱ्याआधीचा कॅमेरामन’ अशा मथळ्याचा एक मजकूर गेले काही महिने फिरतोय. आधी चित्रकलेच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, आणि परवा तर सोसायटीच्या ग्रुपवर, पाणीकपातीच्या सूचनेच्या बरोबर खाली. सोबत व्हेनिसच्या ग्रँड कॅनालचं झळझळीत चित्र. मजकूर थोडक्यात असा: इटलीतला कानालेत्तो (१६९७–१७६८) हा खरं तर चित्रकार नव्हताच. त्याच्याकडे कॅमेरा ऑब्स्क्युरा नावाची पेटी होती. तिच्यात पडलेलं दृश्य तो गिरवायचा आणि वर रंग भरायचा, म्हणून त्याची चित्रं खिडक्यांच्या संख्येसकट अचूक आहेत. इतकी अचूक, की शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून समुद्राची पातळी मोजली आणि दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेलं वॉर्सा त्याच्याच चित्रांवरून जसंच्या तसं बांधून काढलं. बाकी जन्मभर तो व्हेनिसमध्ये बसून इंग्रज टुरिस्टांना एकच माल विकत राहिला. शेवटी हात जोडल्याची इमोजी.

धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त छळतं. एकेक मुद्दा घेतो.

आधी ती पेटी.

मे महिन्यात दुपारी खिडक्या लावून घेतल्या की एखाद्या फटीतून येणाऱ्या उजेडात समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा उमटतो, रिक्षा छताला चिकटून जाते. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी हे पडल्यापडल्या पाहिलंय. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे तेच. फक्त भोकाच्या जागी भिंग, आत तिरका आरसा आणि वर घासलेली काच, जिच्यावर कागद ठेवून रेघ ओढता येते. मी एकदा पुठ्ठ्याचं खोकं, बाजारात मिळणारं भिंग आणि बटर पेपर घेऊन गच्चीवर हा उद्योग करून पाहिला. डोक्यावर जाड चादर, आत घामाच्या धारा. समोरच्या इमारतीचे मधले तीन मजले छान दिसले, कडेला सगळं पुसट आणि जरा वाकडं. चौथ्या मजल्यासाठी खोकं वर केलं, तर नव्या रेघा आधीच्या रेघांना जुळेनात. पेन्सिलचं टोक कुठे आहे ते दिसत नव्हतं, कारण माझ्याच हाताची सावली चित्रावर. अर्ध्या तासात ऊन सरकलं आणि ज्या सज्जाच्या सावलीवर मी जीव टाकला होता ती गायब. हाती काय आलं? एका इमारतीचा सांगाडा, आणि तोही वाकलेला. हात मुळात तयार नसेल तर पेटी त्याला काही देत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

कानालेत्तोने पेटी वापरली का? वापरली असेल. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात ‘ए. कनाल’ असं नाव असलेली एक पेटी आहे. त्याचं खरं नाव जोव्हान्नी आंतोनियो कनाल. कानालेत्तो म्हणजे ‘धाकटा कनाल’. पण ती पेटी त्याचीच, हे सिद्ध झालेलं नाही. त्याच्याच काळातला व्हेनिसचा जाणकार झानेत्ती याने १७७१ मध्ये लिहून ठेवलंय की कानालेत्तोने या उपकरणाचा योग्य वापर कसा करावा ते शिकवलं, आणि त्यामुळे चित्रात शिरणाऱ्या चुका कशा ओळखाव्यात तेही. पहिलं अर्ध वाक्य सगळे सांगतात. दुसरं कुणीच पुढे पाठवत नाही. उपकरणाच्या चुका ज्याला दिसतात, त्याच्याकडे उपकरणापेक्षा वेगळं मोजमाप असलं पाहिजे ना?

त्याची एक छोटी वही व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयात जपलेली आहे. ग्रँड कॅनालच्या काठचे वाडे एकापाठोपाठ एक, एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत जाणारे. आधी पेन्सिल, मग त्यावर शाई. मधेमधे इमारतींची नावं, रंगांच्या खुणा. अशा कच्च्या आराखड्यांना व्हेनिसच्या बोलीत ‘स्काराबोत्ती’ म्हणत, म्हणजे जवळपास आपलं गिरगटणंच. पेटीच्या बाजूने बोलणारे अभ्यासक याच वहीकडे बोट दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. उलट ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातली त्याची रेखाटनं २०१७ च्या लंडनमधल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने अवरक्त किरणांखाली तपासली, तेव्हा शाईखाली पट्टीने आखलेल्या पेन्सिलच्या रेघा सापडल्या. म्हणजे घरी, टेबलावर बसून, आखणी करून केलेलं काम. त्याच्या कॅनव्हासवरही जवळून पाहिलं तर पट्टी आणि कर्कटकाने ओरखडलेल्या रेषा सापडतात.

वाद मिटलेला नाही, आणि मिटायची मला घाईही नाही. समजा, वापरली पेटी. तिच्यातून निघाली ती वही. वहीतून कॅनव्हासपर्यंत यायला मधे जे करावं लागलं, तीच तर चित्रकला. त्याबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही.

आता दुसरा मुद्दा, ‘खिडक्यांसकट अचूक’. इथे मात्र जरा थांबावं लागेल, कारण सगळी गोम इथेच आहे.

कानालेत्तोचा बाप बेर्नार्दो कनाल नाटकांचे पडदे रंगवायचा. पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झाला. १७१९ मध्ये बापलेक रोमला गेले, तिथे संगीतकार स्कार्लात्तीच्या ऑपेरांचं (संगीतनाटकांचं) नेपथ्य केलं, आणि पुढे पोराने नाटकवाल्यांना कंटाळून तो धंदा सोडला. धंदा सोडला, हात थोडाच सुटतो! नेपथ्यकाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: राजवाडा खरा वाटण्यासाठी राजवाडा बांधावा लागत नाही. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला कुठला खांब कुठे दिसायला हवा, एवढं साधलं की झालं. त्यासाठी खांब खुशाल हलवावा.

त्याने खांब हलवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात व्हेनिसच्या सान मार्को चौकाचं त्याचं एक चित्र आहे, १७२० च्या दशकाच्या अखेरचं. समोर बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, उजवीकडे उंच घंटाघर. त्या घंटाघराच्या खिडक्या खऱ्यापेक्षा कमी आहेत आणि चौकातले झेंड्यांचे खांब खऱ्यापेक्षा उंच. मजकुरात दाखला दिलाय नेमका खिडक्यांचा, आणि त्याने खिडक्याच कमी केल्यात. का केल्या असतील? माझा अंदाज: एवढ्या खिडक्या काढल्या असत्या तर मनोरा चाळणीसारखा दिसला असता, आणि खांब बेतात ठेवले असते तर बॅसिलिकेच्या घुमटांपुढे काड्यांसारखे. ग्रँड कॅनालच्या चित्रांत तर दोन-तीन वेगळ्या जागांवरून दिसणारी दृश्यं एकत्र शिवलेली असतात. ज्या जागेवरून ते सगळं एकदम दिसेल अशी जागा त्या शहरात नाहीच. बरेचदा ती जागा पाण्याच्या मधोमध आणि पाण्याच्या बऱ्याच वर असते. तिथे पेटी ठेवायची कशावर?

आणखी एक गंमत. १७४७ मध्ये, लंडनला असताना, त्याने वेस्टमिन्स्टर पुलाचं चित्र केलं. टेम्स नदीवर लॉर्ड मेयरच्या मिरवणुकीच्या नावा, मागे पूर्ण झालेला पूल, मधल्या कमानीवर दोन नद्यांचे पुतळे. पूल खुला झाला १७५० मध्ये, आणि ते पुतळे तिथे कधी बसलेच नाहीत. पूर्ण न झालेल्या पुलाचा आणि न बसवलेल्या पुतळ्यांचा ‘फोटो’ काढणारी पेटी असेल, तर ती मलाही हवी आहे.

त्याने स्वतः या बाबतीत काही लपवलेलंही नाही. १७४० च्या दशकात त्याने अम्लरेखनांचा (धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेघा कोरून छापलेल्या चित्रांचा) एक संच काढला आणि मुखपृष्ठावर स्वच्छ छापलं: काही दृश्यं त्या त्या जागेवरून घेतलेली, काही कल्पिलेली. त्याच सुमारास सान मार्को बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर चढवलेले चार कांस्याचे घोडे त्याने चित्रात खाली उतरवून उंच चौथऱ्यांवर उभे केले (पुढे १७९७ मध्ये नेपोलियनने ते खरोखरच उतरवून पॅरिसला नेले, हा इतिहासाचा विनोद). ग्रँड कॅनालवरच्या रिआल्तोच्या पुलाच्या जागी वास्तुकार पाल्लाद्योने योजलेला, पण कधीच न उभारलेला पूल रंगवून टाकला. या प्रकाराला ‘काप्रिच्चो’ म्हणत, मनाची लहर म्हणून केलेलं चित्र. आणि १७६३ मध्ये व्हेनिसच्या कला अकादमीने एकदाचं सदस्य करून घेतलं, त्यानंतर प्रथेप्रमाणे त्याने जे चित्र अर्पण केलं ते कशाचं होतं? सान मार्कोचं नाही, ग्रँड कॅनालचंही नाही. खांब, कमानी, जिना असलेल्या एका पूर्णपणे काल्पनिक वाड्याचं. आपली ओळख म्हणून त्याने हे निवडलं.

माझं सगळ्यात आवडतं चित्र मात्र लहरीचं नाही. ‘पाथरवटांचं अंगण’, साधारण १७२५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सान व्हिदाल नावाचा एक आडबाजूचा चौक, त्यात दगड घडवणाऱ्यांची लाकडी शेड, घडीव दगड इतस्ततः पडलेले. डावीकडे खाली एक लहान पोर उताणं पडलंय आणि पडल्यापडल्या शू करतंय. आई हात पसरून धावतेय. खिडकीच्या कठड्यावर एक कोंबडा. पलीकडे ग्रँड कॅनालचा पट्टा आणि त्यापलीकडे कारिता चर्च, शेजारी त्याचा घंटेचा मनोरा. हा मनोरा १७४४ मध्ये कोसळला. आज तिथे जवळच कालव्यावर आकादेमियाचा पूल आहे, आणि चर्चची वास्तू आकादेमिया संग्रहालयाचा भाग झाली आहे, जिथे ती गिरगटलेली वही ठेवलेली आहे.

या चित्रात ऊन कसं पडलंय ते पाहावं. अर्धं अंगण सावलीत, अर्धं उन्हात, आणि दोन्हींच्या सीमेवर दगडाची पांढरी भुकटी. आभाळात त्याने प्रशियन निळा वापरलाय. तो रंग तेव्हा युरोपात नवाच होता, आणि व्हेनिसमध्ये तो लवकर हाती धरणाऱ्यांपैकी हा एक. त्याच सुमारास लुक्का शहरातल्या स्तेफानो कोंती या संग्राहकाला व्हेनिसची चित्रं हवी होती. त्याच्या मध्यस्थाने कळवलं की व्हेनिसची दृश्यं रंगवणारा आधीचा चित्रकार कार्लेव्हारिस याच्यापेक्षा या नव्या कनालची घ्या, याच्या चित्रात सूर्य चमकताना दिसतो. ग्राहकाला भावलं ते हे ऊन. पेटी ऊन टिपत नाही, काचेवर थोडा वेळ दाखवते. कागदावर उतरतात फक्त रेघा.

तिसरा मुद्दा, समुद्राची पातळी. हा खरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. इटलीचे संशोधक दारियो कामुफ्फो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००३ मध्ये कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेल्लोत्तो यांच्या चित्रांतून व्हेनिसमधली पाण्याची पातळी तेव्हापासून किती चढली याचा हिशेब मांडला. उत्तर आलं सुमारे ६० सेंटिमीटर. पद्धत सुरेख आहे. भरतीचं पाणी जिथवर नेमाने पोहोचतं तिथवर भिंतीवर शेवाळाचा हिरवट-काळपट पट्टा धरतो. चित्रात वाड्याच्या पायऱ्यांवर, दाराच्या चौकटीवर तो पट्टा कुठवर आलाय ते बघायचं, आणि त्याच वाड्यावर आज कुठवर आहे ते मोजायचं. या संशोधकांचाही भर कानालेत्तोने कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरल्यावर होता, हेही सांगून टाकतो.

पण नीट बघा, काय मोजलं? एका इमारतीवरचा एक पट्टा, त्याच इमारतीच्या पायरीच्या तुलनेत. तेही त्या वाड्याची चित्रातली मापं आजच्या उभ्या वाड्याशी ताडून पाहून. दोन वाड्यांमधलं अंतर, कालव्याचं वळण, मनोऱ्याची उंची हे त्या हिशेबात येतच नाही. आणि शहराची मोठी मांडणी मनासारखी फिरवणारा माणूस शेवाळाचा पट्टा मात्र जागच्या जागी ठेवतो, यात विसंगती कुठे आहे? नाटकातला महाल खोटा असतो, पण त्याच्या दाराची कडी खरीच लावतात. हाताशी येणारी गोष्ट खरी असली की लांबचं सगळं पटतं. शेवाळ, ओघळलेलं प्लास्टर, सज्जावर वाळत घातलेला कपडा, हीच त्याची कडी. त्या पायरीवर विसंबणं योग्यच. त्यावरून सगळं चित्र म्हणजे नकाशा असं मानणं मात्र चूक.

चौथा, वॉर्सा. हा सरळ माणसांचा घोळ आहे. कानालेत्तो पोलंडला कधी गेलाच नाही. वॉर्साची ती चित्रं बेर्नार्दो बेल्लोत्तोची, त्याच्या बहिणीच्या मुलाची. हा भाचा मामाकडे शिकला आणि आल्प्सच्या पलीकडे गेल्यावर मामाचंच नाव लावू लागला, त्यामुळे पोलंडमध्ये आजही ‘कानालेत्तो’ म्हटलं की भाचाच डोळ्यासमोर येतो. ड्रेस्डेन, व्हिएन्ना, म्युनिक असं करत तो १७६७ मध्ये वॉर्साला पोहोचला आणि राजा स्तानिस्लाव्ह आउगुस्तच्या पदरी राहिला. मामा १७६८ च्या एप्रिलमध्ये व्हेनिसला वारला. भाच्याची वॉर्साची बहुतेक दृश्यं त्यानंतरची.

‘जसंच्या तसं बांधलं’ हेही अतिच. बेल्लोत्तोची चित्रं आधाराला होती हे खरं. त्यातली २२ आज वॉर्साच्या पुन्हा उभारलेल्या राजवाड्यात एका दालनात लावलेली आहेत. पण त्यांच्या जोडीला युद्धाआधी आणि युद्धात वॉर्सा तंत्रनिकेतनाच्या मंडळींनी केलेले मोजणीचे नकाशे होते, लपवून जपलेले, छायाचित्रं होती. आणि भाचाही मामाच्याच शाळेतला. त्यानेही इमारती आपल्या डोळ्याला बऱ्या दिसतील अशा सुधारल्या होत्या. परिणाम असा, की चित्रकाराने मनाने घातलेले काही तपशील आज वॉर्सात चुन्या-विटांत उभे आहेत. फोटोवरून शहर बांधलं, असं म्हणणाऱ्यांनी यावर दोन मिनिटं विचार करावा.

राहिला पाचवा: जन्मभर व्हेनिस, जन्मभर टुरिस्ट, जन्मभर एकच माल. यात बरंच तथ्य आहे. जोसेफ स्मिथ नावाचा इंग्रज व्यापारी व्हेनिसमध्ये राहायचा, पुढे तिथला ब्रिटिश कॉन्सुल झाला. त्याने कानालेत्तोची चित्रं स्वतः घेतली, मायदेशीच्या उमरावांना घ्यायला लावली, आणि ती छापील रूपात लोकांपुढे यावीत म्हणून व्हिसेंतीनीकडून ताम्रपटावर कोरून घेतली. १७३५ चा तो संच म्हणजे एका अर्थाने कॅटलॉगच. बेडफर्डच्या ड्यूकने एकट्याने २४ चित्रं घेतली. १७६२ मध्ये स्मिथचा संग्रह ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याने २०,००० पौंडांना विकत घेतला, म्हणून आज कानालेत्तोचा सगळ्यात मोठा साठा व्हेनिसमध्ये नसून ब्रिटिश राजघराण्याकडे आहे.

पण ‘टुरिस्ट’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो घोळका येतो, तो हा नव्हे. ही युरोपभर हिंडायला निघालेली जमीनदारांची पोरं होती, सोबत शिक्षक, नोकर आणि पेढीची हुंडी. आणि ‘जन्मभर’ तर साफ चूक. १७४० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या गादीवरून युद्ध पेटलं, हे पाहुणे यायचे थांबले. १७४६ मध्ये कानालेत्तो स्वतःच गिऱ्हाइकांच्या दारात गेला. जवळपास नऊ वर्षं, मधली एक खेप वगळता, तो इंग्लंडात होता. तिथे टेम्स रंगवली, वॉरिकचा किल्ला रंगवला, वॉल्टनचा पांढऱ्या तुळयांचा लाकडी पूल काळ्या ढगाखाली उभा केला. एका चित्रात तर वेस्टमिन्स्टर पुलाच्या कमानीतून लंडन दिसतं आणि कमानीवरून दोरीला बांधलेली एक बादली लोंबकळतेय. बांधकाम चालू होतं ना. ती बादली पाहिली की मला त्याची सगळी कसर भरून निघाल्यासारखी वाटते.

तेव्हा लंडनमध्ये कुजबुज सुटली होती की हा खरा कानालेत्तोच नाही, कुणीतरी तोतया आहे. म्हणजे फॉरवर्डचा उपद्रव त्या काळीही होता, फक्त तो तोंडी चालायचा. यावर या गृहस्थाने काय केलं? १७४९ मध्ये जाहिरात दिली: सिल्व्हर स्ट्रीटवरच्या माझ्या बिऱ्हाडी या आणि सेंट जेम्स पार्कचं चित्र डोळ्यांनी बघून जा.

एक गोष्ट मान्य करतो. उत्तरार्धात तो साच्यात अडकला. पाण्यावरच्या लाटा म्हणजे ठराविक पांढरे चंद्रकोरी फटकारे, माणसं म्हणजे दोन ठिपके आणि एक शेपूट. त्याला ‘यांत्रिक’ म्हणायचं असेल तर तिथे म्हणा, माझी ना नाही. पण हा यांत्रिकपणा पेटीचा नव्हता. हाताला तीच चाल हजारदा करून पडलेलं वळण होतं ते, जसं सहीला पडतं.

आणि तो हात शेवटपर्यंत किती चालत होता, याचा एक कागद हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. सान मार्को बॅसिलिकेच्या आत उंच कठड्यावर दाटीने उभे राहून गाणारे गवई, खाली गुडघे टेकलेले लोक, वर अंधारात जाणाऱ्या कमानी. अंधाऱ्या चर्चच्या आत भिंगाची पेटी निकामीच. कागदाच्या खाली त्याने आपल्या घरच्या बोलीत, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, स्वतः लिहिलंय: मी झ्वाने आंतोनियो दा कनाल, सान मार्कोत गाणाऱ्या गवयांचं हे चित्र केलं, वय वर्षे ६८, चष्मा न लावता, साल १७६६.